हामगा छान

डिसेंबरात आमच्या ओट्यावर ऊन सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी येतं. आधी ते समोरच्या विहाराच्या पत्र्यावर उतरतं, मग खळ्याशेजारच्या पेंढ्याच्या उडवीवर, आणि उडवीवरचं दव सुकू लागलं की तिच्यातून एक गोडसर, किंचित आंबूस वास निघतो, नव्या तांदळाच्या पेजेला येतो तसा. भात निघून गेलेल्या खाचरांत तोवर वाल वीतभर वर आलेले असतात. त्या वासात आणि त्या उजेडात सूप मांडीवर घेऊन बसलेली माझी आई मला दिसते, आणि तिच्या तोंडचा तो शब्द ऐकू येतो, हामगा छान. अकरा वर्षं मी तो ऐकला. कामाला निघताना ऐकला, तापात पडलेलो असताना कपाळावर तिचा हात आणि कानाशी तो शब्द असा ऐकला. त्याचा अर्थ कळला त्या दिवसापासून मी सुडाचा विचार करू लागलो. तोवर मी स्वतःला सूड घेणाऱ्यांतला समजत नव्हतो.

मी शहापूर तालुक्यात जमीन मोजणारा भूमापक. तेहेतीस फुटांची साखळी, झेंडे, फलकयंत्र आणि नकाशे यांत माझी नोकरी गेली. खर्डीच्या बाजूचे डोंगरउतार असोत की मुरबाडच्या रस्त्यावरची सपाट खाचरं, मी कोणाची एक फूट जमीन इकडची तिकडे केलेली नाही, आणि हे मी अभिमानानं सांगतो असं नव्हे, आकडा जसा सांगावा तसं सांगतो. आमचं घर सापगावच्या कडेला, बौद्धवाडीत. दर पौर्णिमेला विहारात पंचशील म्हणताना चौथ्या शीलापाशी, म्हणजे खोटं न बोलण्याच्या शीलापाशी, माझा आवाज थोडा चढतो असं आई म्हणायची. ती हे कौतुकानं म्हणायची की चेष्टेनं, हे मी कधी विचारलं नाही.

आमच्या शेजारचं घर यशवंतदादाचं. तरुणपणी तो जहाजावर स्वयंपाकी म्हणून गेला आणि हाँगकाँगला उतरला तो तिथल्याच एका हॉटेलच्या मुदपाकखान्यात राहिला. लग्न त्यानं इकडच्या मुलीशी केलं, पण मुलं तिकडे जन्मली, तिकडे शिकली. शहाण्णव सालच्या डिसेंबरात, आपल्या आईचं जुनं घर दुरुस्त करायला म्हणून, तो दोन्ही मुलांना घेऊन तीन आठवडे सापगावला आला. रोहन सतरा वर्षांचा होता, मीता पंधराची. उंच, गोरटेली, कानांत वायरी घातलेली ती दोन मुलं आसनगाव स्टेशनबाहेर उतरली तेव्हा त्यांना आणायला मीच गेलो होतो, आणि त्या मुलांची भाषा मी पहिल्यांदा ऐकली ती रिक्षात.

आपसांत ती चिनी बोलत, आमच्याशी मोडकं मराठी, आणि जगावर रागवायचं झालं की इंग्रजी. खड्डा आला, शिवी. धूळ आली, शिवी. समोर बैल आडवे गेले, बैलांना शिवी. इंग्रजीतला तो चार अक्षरांचा शब्द मी आसनगाव ते सापगाव या वाटेत चौदा वेळा ऐकला. मोजायचं ठरवलं नव्हतं. मोजणं माझ्या अंगातच आहे. रिक्षात आमच्याबरोबर कन्याशाळेच्या एक बाई होत्या. पाचव्या वेळेला त्यांनी पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि आठव्या वेळेनंतर त्या आपला थांबा यायच्या आधीच उतरल्या. यशवंतदादा पुढे ड्रायव्हरशेजारी बसला होता. त्यानं मागे वळून पाहिलं नाही.

पुढचे चार दिवस हेच. एस.टी. स्टँडवर, किराणा दुकानाच्या फळीपाशी, विहाराच्या पायरीवर. मुलं वाईट नव्हती, असं सगळे म्हणत. कोणावर हात उगारत नव्हती, कोणाचं काही घेत नव्हती. पण शिवी ही त्यांच्या तोंडात सुपारीसारखी असायची, चघळून इकडून तिकडे फिरवायची वस्तू. पाचव्या दिवशी मी रोहनला ओट्यावर बसवलं आणि सरळ सांगितलं की इंग्रजी आता इथे कळत नाही असं समजू नकोस, या वाडीत सात मुलं कॉलेजात जातात आणि बाकीच्यांनी सिनेमे पाहिलेत. तुम्हाला शिव्या दिल्याशिवाय चैन पडत नसेल तर तुमच्या चिनीत द्या, म्हणजे निदान कोणाचे कान विटाळणार नाहीत. तो हसला. बहिणीकडे बघून काहीतरी म्हणाला, तीही हसली. मग म्हणाला, "ओके काका. चायनीज ओन्ली."

आणि त्यानं शब्द पाळला. दुसऱ्या दिवसापासून इंग्रजी बंद. आता स्टँडवर उभी राहून ती मुलं जे काही बोलत ते चढउतारांचं, घंटा वाजवल्यासारखं असे. त्यातला एक शब्द 'गाय' असा संपे, आणि वाडीतली पोरं गाय कुठे आली म्हणून मागे वळून बघत. मला समाधान वाटलं. हद्दीचा दगड जागेवर बसवल्यावर वाटतं तसं समाधान. आज ते आठवलं की अंगावर काटा येतो, कारण त्यांना त्या वाटेवर मीच घातलं होतं.

आईला मुलांचं फार. तिची पहिली दोन मुलं, माझ्या आधीची, वर्ष पुरं व्हायच्या आत गेली होती. त्या दिवसांत विहिरीवर पाण्यावरून भांडण झालं आणि एका बाईनं भरल्या घागरीनिशी उभं राहून तिला म्हटलं होतं की तुझा निर्वंश होवो. आईनं हे मला एकदाच सांगितलं, मी मोठा झाल्यावर, आणि त्यानंतर तो शब्द आमच्या घरात कोणी उच्चारत नाही. खाष्ट बायका गुरांनासुद्धा तो शाप देतात. आई देत नसे. कोणाचंही मूल ओट्यावर आलं की तिचा हात आधी डब्याकडे जायचा.

मुलं यायची वेळ साडेअकराची, तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी तयार व्हायची तेव्हा. एके दिवशी मीतानं चटणीचा मोठा घास घेतला. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, नाक लाल झालं, ती ओट्यावर गोल गोल फिरली आणि भाकरीचा तुकडा आईच्या तोंडापुढे नाचवत हसत ओरडली, "हाम गा छान!"

आईला त्यातलं छान तेवढं ऐकू आलं. तिचा चेहरा उजळला. हामगा म्हणजे काय गो, तिनं विचारलं. मीता हसून हसून बोलेना. मग रोहननं, भिंतीला टेकून, अगदी गंभीर चेहऱ्यानं सांगितलं, "हाम गा म्हणजे आजी, सगळं घर. सगळं घर छान."

हे मी माझ्या कानांनी ऐकलं. त्याच्या चेहऱ्यावरचं गांभीर्य मी पाहिलं आणि मला ते आवडलंही. आईनं शब्द दोनदा म्हणून पाहिला, तिसऱ्यांदा तो तिच्या जिभेला बसला, आणि तिनं मीताच्या डोक्यावरून हात फिरवून बोटं स्वतःच्या कानशिलावर मोडली. हामगा छान. दोन्ही मुलं हसत हसत पायऱ्या उतरून पळाली. आई त्यांच्याकडे बघत राहिली. मला म्हणाली, "बघ कसा शबुद हाय त्यांचा. एकट्यापुरता नाय बोलत, समद्या घरापुरता बोलतात."

मुलं गेली आणि शब्द राहिला. आईनं तो नवऱ्या मुलींना दिला, बारशाला दिला, दहावीच्या परीक्षेला निघालेल्या मुलांना दिला. तिच्याकडून तो वाडीनं घेतला. लग्नाच्या पंगतीत वाढपी म्हणत, रिक्षावाला म्हणे, विहारात वंदना संपल्यावर आया लेकरांच्या गालांना हात लावून म्हणत. माझी मुलगी सुजाता त्या वेळी दहा वर्षांची होती. तिला शाळेच्या वाटेवर रोज तोच निरोप मिळे. पुढे मी हिशेब केला तो असा: अकरा वर्षांचे साधारण चार हजार सतरा दिवस, आणि आई तो शब्द दिवसाला दोनदा म्हणे हे कमीत कमी धरलं, तरी आठ हजार चौतीस वेळा.

सुजाता शिकली, संगणकाची इंजिनिअर झाली, ऐरोलीला एका कंपनीत लागली. दोन हजार सातच्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. दर बुधवारी तिचं फोनवर बोलणं हाँगकाँगच्या ऑफिसातल्या लोकांशी व्हायचं, आठ जण तिकडे, पाच जण इकडे, आणि पुढच्या महिन्यात दोन महिन्यांसाठी तिला तिकडे पाठवायचं जवळजवळ ठरलं होतं. तिनं आम्हाला सांगितलं होतं, आईनं वाडीला सांगितलं होतं. त्या बुधवारी तिकडच्या एका तरुण सहकाऱ्यानं आपल्याला मुलगी झाल्याची बातमी दिली. सगळ्यांनी अभिनंदन केलं. सुजाताला वाटलं की आपण त्याच्या भाषेत चार शब्द बोलावेत. आपल्याकडे एक शब्द आहे, लहानपणापासूनचा, घरातल्या उबेसारखा, आणि तो नेमका अशाच प्रसंगाचा आहे. ती म्हणाली, हामगा छान.

पलीकडे कोणी बोललं नाही. नऊ सेकंद, ती मला म्हणाली. ती माझीच मुलगी, तिनंही मोजले. मग कोणीतरी फोन ठेवला.

शनिवारी ती घरी आली तेव्हा आई विहारात गेली होती. सुजातानं खांद्यावरची पिशवी काढली नाही. तशीच खाटेच्या कडेला बसून तिनं सगळं सांगितलं. तिला माफीचं पत्र लिहावं लागलं. तिच्या जागी दुसरं कोणी हाँगकाँगला जाणार होतं. तिनं ज्याला विचारलं त्या तिकडच्या माणसानं आधी अर्थ सांगायलाच नकार दिला, मग लिहून पाठवला. हाम गा म्हणजे सगळं घर, हे खरंच होतं. पुढचा शब्द आपला छान नव्हता. तो फावड्यानं खरवडून काढण्याचा होता. तुझं सगळं घर मरून जावो. घरात मागे कोणी न उरो.

"पप्पा," ती म्हणाली, "तान्ह्या मुलीच्या बापाला मी हे बोलले." आणि थोड्या वेळानं, "आजीला सांगू नका."

मराठीत या सगळ्याला एकच शब्द आहे. तो मी मनातही म्हटला नाही. पण विहिरीवरची ती बाई, तिची भरलेली घागर, आणि माझ्या ओट्यावर भिंतीला टेकून गंभीर चेहऱ्यानं उभा असलेला तो सतरा वर्षांचा मुलगा, ही तिन्ही एका ओळीत येऊन उभी राहिली, मोजणीच्या तीन झेंड्यांसारखे, आणि मी एका डोळ्यानं त्यांच्याकडे बघत राहिलो.

त्यानंतरचे दोन महिने मी जे जगलो त्याची मला लाज वाटायला हवी तेवढी वाटत नाही. शेतात साखळी ताणून उभा असलो की मनात रोहनच असे. ऊन चढे, करवंदीच्या जाळीत तापलेल्या पानांचा उग्र वास येई, बांधावरची माणसं आपापल्या हद्दीसाठी घसा कोरडा करत, आणि मी आकडे बरोबर लिहीत असतानाच दुसऱ्या एका जागी दुसरं काहीतरी मोजत असे. त्याला पत्र लिहावं, असं आधी वाटलं. मग वाटलं, पत्रात काय आहे, तो वाचेल आणि हसेल. त्याला समोर उभं करून चार माणसांत सांगावं? म्हणजे आईला कळेल. जे काही करायचं ते आईला न कळता, आणि त्याला पुरतं कळेल असं करायचं, अशा दोन अटींत माझा राग अडकून पडला होता, आणि अडकलेला राग नासत नाही, मुरतो.

जानेवारीत यशवंतदादा हाँगकाँगला वारला. त्याची इच्छा होती की त्याच्या अस्थी भातसा नदीत सोडाव्यात आणि पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आपल्या विहारात व्हावा. रोहन एकटाच अस्थी घेऊन आला. तो आता अठ्ठावीसचा, अंगानं सुटलेला, कपाळावरचे केस मागे गेलेले. मी त्याला न्यायला आसनगावला गेलो, कारण जायला दुसरं कोणी नव्हतं. रिक्षात बाजूला बापाच्या अस्थींची पिशवी, आणि मोबाइलला रेंज नाही म्हणून तो मोबाइलला शिव्या देत होता. आधी इंग्रजीत, मग रिक्षावाल्यानं आरशातून पाहिलं तेव्हा चिनीत. सहा आणि चार, एकूण दहा. चौदावरून दहा. मला बरं वाटलं. तो बदलला असता तर माझी पंचाईत झाली असती.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी दुपारी तो आमच्याकडे आला. म्हणाला, उद्या मला बोलायला लागेल, मराठी वाचता येत नाही, काका, मला तीन ओळी इंग्रजी अक्षरांत लिहून द्या, मी पाठ करतो. ऊन ओट्यावरून उतरून अंगणात गेलं होतं. आत आई वाल सोलत होती, भिजवलेल्या वालांचा तो कडवट हिरवा वास दारातून येत होता. मी त्याला संध्याकाळी ये म्हटलं आणि कागद घेऊन बसलो.

अशा कार्यक्रमात माणूस शेवटी काय म्हणतो ते ठरलेलं असतं. आपणा सर्वांचं मंगल होवो. मी पहिल्या दोन ओळी चांगल्या लिहिल्या. माझ्या वडिलांचं या गावावर प्रेम होतं. तुम्ही सगळे आलात, मी आभारी आहे. तिसऱ्या ओळीत मी दोनच फरक केले. सर्वांचं होतं तिथे सर्वांचा केलं, आणि मंगल होतं तिथे तो शब्द लिहिला, जो आमच्या घरात कोणी उच्चारत नव्हतं. आपणा सर्वांचा निर्वंश होवो. तीन वेळा लिहून काढलं, तिसऱ्या कागदावर एकही खाडाखोड नव्हती. किती गोड ऐकू येतो तो शब्द, भाषा न येणाऱ्या कानाला. त्यात वंश आहे, होवो आहे. मी डोळे मिटून विहार पाहिला. खाली सतरंजीवर दीडशे माणसं, समोर मेणबत्त्या, हार घातलेला यशवंतदादाचा फोटो, आणि हात जोडून, गंभीर चेहऱ्यानं, तो. मग शांतता. नऊ सेकंद पुरेत, मला जास्त नको होते. मग कोणीतरी त्याला त्याचा अर्थ सांगेल, आणि त्याला कळेल की परक्या भाषेत, प्रेमानं, आपल्याच तोंडानं आपल्या माणसांना मारणं म्हणजे काय असतं. आईला चार दिवस धक्का बसेल, पण तिला वाटेल पोरगं चुकलं. मी सगळ्या बाजू मोजल्या होत्या.

एक बाजू राहिली. संध्याकाळी मी त्याला कागद दिला, दोनदा म्हणवून घेतला, आणि तो मोठ्यानं पाठ करत आमच्याच ओट्यावर येरझारा घालू लागला. आईनं आतून हाक मारली. तो आत गेला आणि तिच्यासमोर मांडी घालून बसला. काय पाठ करतोस रे, म्हण बघू, ती म्हणाली. मी दारात होतो. मला त्याला थांबवता आलं असतं. जेवढा वेळ होता तेवढा पुरेसा होता, हे मी खात्रीनं सांगू शकतो.

त्यानं तिन्ही ओळी म्हटल्या. स्वच्छ म्हटल्या, हात जोडून, तिच्या डोळ्यांत बघत.

आईच्या हातातला वाल सोलायचा थांबला. तिनं त्याच्याकडे पाहिलं, मग हळू आवाजात विचारलं, "कोनी शिकवला रे तुला हा शबुद?"

"काकांनी."

तिनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर मला उत्तर देता आलं असतं. जिची घागर भरलेली आहे आणि जिला आईची दोन गेलेली मुलं ठाऊक आहेत अशा कोणाकडे तरी, फार पूर्वीच्या विहिरीवर, तिनं असंच पाहिलं असेल. मग ती पुन्हा त्याच्याकडे वळली आणि हसली.

"नाय रे बाला. तो शबुद अवघड हाय, तुला नाय पेलायचा. तुजा तो जुना बोल ना. हामगा छान. समदा घर छान."

मी रोहनकडे बघत होतो. ज्याची दोन महिने वाट पाहिली ते माझ्यासमोर घडत होतं, आणि मी काही केलेलं नव्हतं. आधी त्याला आठवेना. मग आठवलं. त्याचे कान लाल झाले, आणि मग सगळा चेहरा राखेसारखा झाला. आई त्याला सांगत होती की इथे आता सगळीच तसं बोलतात, तिनंच शिकवलं, रमाच्या लेकीला पाठवणीला बोलली, गौतमच्या नातवाला बारशाला बोलली, सुजाताला तर रोज बोलायची. एकेक नाव ती बोटावर मोजत होती, आणि प्रत्येक बोटाला त्याची मान खाली जात होती.

"आजी, तो नको," तो म्हणाला.

"का रे?"

त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मला सगळं ठाऊक आहे हे त्याच्या लक्षात आलं. "तो… घरात बोलायचा नाही," तो शेवटी म्हणाला. "मी तेव्हा खोटं सांगितलं."

परातीतले वाल आईनं हातानं एकदा सारखे केले. ती पुन्हा सोलू लागली; आता तोही सोलू लागला होता, वेडंवाकडं, दाणे मोडत. मग ती म्हणाली, "मंग निस्ता छान बोल. आपणा सर्वांचा छान होवो. तेवडा जमेल ना?"

दुसऱ्या दिवशी विहारात त्यानं तेवढंच म्हटलं. आपणा सर्वांचं छान होवो. मागे बसलेले दोघंतिघं हसले, पुढच्या बायकांनी डोळे पुसले, आणि पोलीस पाटील माझ्या कानाशी म्हणाले की पोराला मराठी येत नाही, पण मनातून बोलला. मी मान हलवली. त्याआधी सगळ्यांनी मिळून पंचशील म्हटलं होतं. चौथ्या शीलापाशी माझा आवाज चढला नाही. निघालाच नाही. बायकांच्या बाजूनं आईचा आवाज स्पष्ट येत होता.

रोहनला मी आसनगावला सोडायला गेलो. गाडीला वेळ होता. फलाटाच्या टोकाशी, करंजाच्या सावलीत, त्यानं विचारलं की मी लिहून दिलेल्या त्या शब्दाचा अर्थ काय होता. मी सांगितला. सुजाताचंही सांगितलं, तारखेसकट. तो रुळांकडे बघत उभा राहिला. त्याच्या खिशात मोबाइल वाजून बंद झाला, त्यानं काढला नाही. मग म्हणाला, "म्हणजे काका, आपली फिट्टमफाट?"

त्यानं हे उद्धटपणे विचारलं नव्हतं. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं, आणि आकड्याचं विचारलं की मी खोटं बोलत नाही. मी मनात दोन्ही बाजू मांडल्या. एका बाजूला सतरा वर्षांचा मुलगा, तोंडात चटणी, बहिणीला हसवायला बोललेला, दुसऱ्या क्षणी विसरलेला. दुसऱ्या बाजूला एकोणपन्नास वर्षांचा माणूस, दुपारची शांत वेळ, तीन कागद, एकही खाडाखोड नाही. त्याला आईच्या दोन मुलांची गोष्ट ठाऊक नव्हती. मला होती.

"नाही," मी म्हणालो. गाडी आली. त्यानं वाकून नमस्कार केला आणि तो चढला. नाही म्हणजे कोणाकडे किती उरलं, हे त्यानं विचारलं नाही. त्याच्यावरचा माझा राग गेला असंही नाही. सुजाताचं हाँगकाँग राहिलं ते राहिलंच, आणि ते आठवलं की मी अजूनही दातओठ खातो.

तो कागद माझ्या टेबलाच्या खणात आहे, जुन्या नकाशांखाली. फाडलेला नाही. अक्षर चांगलं आलं आहे.

वाडीत तो शब्द अजून चालू आहे. आईनं कोणाला काही सांगितलं नाही. सकाळी शाळेची मुलं ओट्यावरून जाताना ओरडतात, आजी, हामगा छान, आणि ती हात वर करून म्हणते, छान रे, छान. सुजाता सुट्टीला येते तेव्हा तिच्या डोक्यावरून हात फिरवून तेवढाच अर्धा शब्द म्हणते, आणि सुजाता माझ्याकडे बघते, मी दुसरीकडे. आईला किती कळलं, हे मी तिला विचारलेलं नाही. तिनंही मला काही विचारलेलं नाही.

मला मात्र ती आता निघताना काही म्हणत नाही. डबा देते, पाण्याची बाटली देते, टोपी विसरलो तर आठवण करते. आठ वाजून दहा मिनिटांनी ओट्यावर ऊन येतं, पेंढ्याचा वास सुटतो, ती सूप मांडीवर घेते. मी पायरीवर चपला घालतो, आणि त्यासाठी लागतो त्याहून थोडा जास्त वेळ तिथे उभा राहतो.